फ्रीडमन चाचणी

फ्रीडमन चाचणी ही संख्याशास्त्रातील एक अप्राचलीय चाचणी आहे. एकाच व्यक्तीची, वस्तूची किंवा जागेची तीन अथवा अधिक वेळा किंवा तीन अथवा अधिक परिस्थितींत घेतलेली मोजमापे परस्परांहून खरोखर वेगळी आहेत का, हे ठरविण्यासाठी ती वापरली जाते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी ती १९३७ मध्ये मांडली. मूळ मोजमापे बाजूला ठेवून प्रत्येक व्यक्तीच्या मोजमापांना त्या व्यक्तीपुरते क्रमांक द्यायचे आणि मग क्रमांकांच्या बेरजांमध्ये दिसणारी तफावत निव्वळ योगायोगाने पडण्याजोगी आहे का ते पाहायचे, अशी तिची रीत आहे. मोजमापे प्रसामान्य वितरणाला अनुसरतात असे गृहीत धरावे लागत नाही, म्हणून वेदनेची तीव्रता, चवीची पसंती, प्रश्नावलीतील मतदर्शक गुण अशा मोजमापांसाठी ती विशेष उपयोगी पडते.

ज्या चाचण्या मोजमापांच्या वितरणाचे विशिष्ट गणिती रूप आधीच मान्य करतात आणि त्याच्या सरासरी, प्रमाण विचलन यांसारख्या प्राचलांविषयी निष्कर्ष काढतात, त्यांना प्राचलीय चाचण्या म्हणतात. असे रूप मान्य न करणाऱ्या चाचण्या अप्राचलीय होत. ‘अप्राचलीय’ म्हणजे ‘गृहीतकरहित’ असा अर्थ अनेकदा घेतला जातो; तो बरोबर नाही. फ्रीडमन चाचणीचीही स्वतःची गृहीतके आहेत व त्यांचा विचार पुढे केला आहे.

== पुनरावृत्त मोजमापांचा प्रश्न ==

एकाच व्यक्तीचे पुन्हा पुन्हा मोजमाप घेतले की आकड्यांमध्ये दोन प्रकारचे फरक मिसळलेले असतात. एक फरक व्यक्ती-व्यक्तींमधला असतो. एखादा रुग्ण थोड्या दुखण्यालाही ० ते १० च्या श्रेणीवर ८ गुण देतो, तर दुसरा तेवढ्याच दुखण्याला ४ देऊन गप्प बसतो. दुसरा फरक त्याच व्यक्तीच्या निरनिराळ्या वेळच्या मोजमापांमधला असतो आणि अभ्यासकाला बहुधा तोच हवा असतो. पहिला फरक मोठा असला तर दुसरा त्यात सहज बुडून जातो.

यावरचा उपाय शेतीच्या प्रयोगांतून आला. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात काम करीत असताना रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात शेताचे खंड पाडून प्रत्येक खंडात सर्व खते किंवा वाणे लावण्याची व तुलना खंडाच्या आतच करण्याची पद्धत रूढ केली. एका खंडाची जमीन दुसऱ्यापेक्षा कसदार असली तरी त्यामुळे खतांच्या तुलनेत बाधा येत नाही. पुनरावृत्त मोजमापांत व्यक्ती हाच खंड असतो. मात्र फिशर यांच्या प्रचरण विश्लेषणात यादृच्छिक त्रुटी प्रसामान्य वितरणाच्या असाव्यात अशी अट आहे. फ्रीडमन यांनी खंडांची कल्पना कायम ठेवली आणि ही अट काढून टाकली.

== इतिहास ==

मिल्टन फ्रीडमन (१९१२–२००६) हे पुढे चलनविषयक सिद्धान्तासाठी आणि मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कारासाठी जगभर ओळखले गेले व १९७६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. त्यांची सुरुवातीची कारकीर्द मात्र बरीचशी संख्याशास्त्रात गेली. १९३३–३४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी हॅरॉल्ड हॉटेलिंग यांच्याकडे संख्याशास्त्राचे अध्ययन केले. हॉटेलिंग यांनी मार्गारेट पॅब्स्ट यांच्यासह १९३६ मध्ये क्रमसहसंबंधावर लिहिलेल्या निबंधात प्रसामान्यतेचे गृहीतक न धरता सार्थकता कशी तपासता येते हे दाखविले होते.

१९३५ ते १९३७ या काळात फ्रीडमन वॉशिंग्टन येथे राष्ट्रीय साधनसंपत्ती समितीत अमेरिकन कुटुंबांच्या उपभोग-खर्चाच्या मोठ्या पाहणीवर काम करीत होते. उत्पन्न आणि खर्च यांचे आकडे प्रसामान्य वितरणाला क्वचितच जुमानतात. थोड्या कुटुंबांचे मोठे आकडे वितरण एका बाजूला ओढून नेतात. खर्चाच्या निरनिराळ्या बाबी एकमेकींशी थेट ताडून पाहता येत नाहीत, कारण अन्नावरील खर्चातील चढउतार आणि करमणुकीवरील खर्चातील चढउतार यांचे परिमाणच निराळे असते. प्रत्येक बाबीच्या आत क्रमांक लावले की ही अडचण उरत नाही. हा निबंध १९३७ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रचरण विश्लेषणात दडलेले प्रसामान्यतेचे गृहीतक टाळण्यासाठी क्रमांकांचा उपयोग, असे त्याचे शीर्षकच होते.

१९३९ मध्ये मॉरिस केंडॉल व बर्नार्ड बॅबिंग्टन स्मिथ यांनी, तसेच ॲलन वॉलिस यांनी जवळपास हेच गणित दुसऱ्या बाजूने मांडले. त्यांचा प्रश्न परीक्षकांविषयी होता: अनेक परीक्षकांनी त्याच वस्तूंना क्रमांक दिले असता त्यांच्यात एकमत कितपत आहे? त्यातून केंडॉल यांचा एकमत-गुणांक निघाला. फ्रीडमन यांनी १९४० मध्ये या पर्यायी मांडण्यांची तुलना करणारा आणखी एक निबंध लिहिला. अप्राचलीय चाचण्यांमध्ये ही चाचणी बरीच जुनी आहे. आज पाठ्यपुस्तकांत तिच्याआधी शिकविल्या जाणाऱ्या विलकॉक्सन यांच्या चाचण्या १९४५ च्या आणि क्रुस्कल–वॉलिस चाचणी १९५२ ची आहे.

== गृहीतके ==

माहिती एका सारणीत मांडलेली असते. प्रत्येक ओळ म्हणजे एक व्यक्ती (किंवा खंड) आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे एक वेळ, उपचार किंवा परिस्थिती. ओळींची संख्या ‘न’ व स्तंभांची संख्या ‘क’ मानू. प्रत्येक चौकटीत एकच मोजमाप असावे आणि एकही चौकट रिकामी नसावी.

ओळी परस्परांपासून स्वतंत्र असाव्या लागतात. एकाच घरातील चार माणसे चार स्वतंत्र ओळी म्हणून घेतली तर हे गृहीतक धोक्यात येते. ओळीच्या आतील मोजमापे मात्र परस्परांशी निगडित असली तरी चालतात. चाचणी त्यासाठीच आहे. मोजमापे निदान क्रमवाचक असावीत, म्हणजे एकाच ओळीतील कोणते मोठे व कोणते लहान हे सांगता यावे. रक्तगट किंवा मातृभाषा यांसारख्या केवळ नामवाचक माहितीला ती लागू पडत नाही.

शून्य परिकल्पना अशी असते की प्रत्येक ओळीत क्रमांकांची कोणतीही मांडणी सारख्याच संभाव्यतेची आहे, म्हणजेच स्तंभ बदलल्याने काहीच फरक पडत नाही. ही परिकल्पना ‘सर्व स्तंभांचे मध्यक समान आहेत’ या वाक्यात अनेकदा मांडली जाते, पण ते वाक्य अपुरे आहे. मध्यक समान असूनही एखाद्या स्तंभातील मोजमापांची पांगापांग जास्त असू शकते. तसेच लागोपाठच्या दोन मोजमापांचा सहसंबंध दूरच्या मोजमापांपेक्षा घट्ट असू शकतो. अशा वेळी सर्व मांडण्या सारख्याच संभाव्य राहत नाहीत आणि पी-मूल्याचा अर्थ काटेकोर राहत नाही.

== कार्यपद्धती ==

प्रत्येक ओळीतील सर्वांत लहान मोजमापाला १, त्याहून मोठ्याला २ असे करीत सर्वांत मोठ्याला ‘क’ हा क्रमांक देतात. दोन मोजमापे सारखी असतील तर त्यांच्या वाट्याला येणाऱ्या क्रमांकांची सरासरी दोघांनाही देतात. क्रमांक उलट्या दिशेने लावले तरी उत्तर बदलत नाही. सर्व ओळींना एकच दिशा असली म्हणजे झाले.

नंतर प्रत्येक स्तंभातील क्रमांकांची बेरीज करतात. एका ओळीतील क्रमांकांची सरासरी नेहमी (क + १) ÷ २ असते. म्हणून शून्य परिकल्पना खरी असेल तर प्रत्येक स्तंभाची बेरीज न × (क + १) ÷ २ या संख्येच्या आसपास असावी. प्रत्यक्ष बेरजा या अपेक्षित बेरजेपासून किती दूर आहेत हे चाचणीमूल्य मोजते:

चाचणीमूल्य = [१२ ÷ (न × क × (क + १))] × (प्रत्येक स्तंभाची बेरीज आणि अपेक्षित बेरीज यांतील फरकाच्या वर्गांची एकूण बेरीज)

सर्व बेरजा सारख्या असल्या तर हे मूल्य ० येते. सर्व ओळींनी स्तंभांना अगदी एकसारखे क्रमांक दिले असले तर ते न × (क − १) इतके, म्हणजे कमाल होते. ‘न’ पुरेसा मोठा असल्यास चाचणीमूल्याचे वितरण (क − १) स्वातंत्र्यमात्रा असलेल्या काय-वर्ग वितरणाच्या जवळ जाते व सीमामूल्य त्यावरून घेतात.

ओळीत बरोबरीची मोजमापे असतील तर चाचणीमूल्य थोडे कमी येते. ते दुरुस्त करण्यासाठी बरोबरीच्या प्रत्येक समूहासाठी त्यातील मोजमापांच्या संख्येचा घन वजा ती संख्या असे काढतात, त्यांच्या बेरजेला न × (घन क − क) ने भागतात, आलेला भागाकार १ मधून वजा करतात आणि चाचणीमूल्याला या वजाबाकीने भागतात.

== उदाहरण ==

पुढील आकडे केवळ गणित समजावे म्हणून घेतलेले आहेत. गुडघेदुखीच्या ८ रुग्णांनी व्यायामोपचारापूर्वी, ४ आठवड्यांनी आणि ८ आठवड्यांनी आपल्या वेदनेला ० ते १० पैकी गुण दिले असे समजू. कंसात त्या रुग्णापुरते क्रमांक दिले आहेत.

| रुग्ण | उपचारापूर्वी | ४ आठवड्यांनी | ८ आठवड्यांनी |
|---|---|---|---|
| १ | ९ (३) | ७ (२) | ६ (१) |
| २ | ५ (३) | ४ (२) | २ (१) |
| ३ | ८ (२.५) | ८ (२.५) | ५ (१) |
| ४ | ४ (३) | २ (१) | ३ (२) |
| ५ | ७ (३) | ५ (२) | ४ (१) |
| ६ | ६ (३) | ३ (१.५) | ३ (१.५) |
| ७ | ३ (२) | ४ (३) | १ (१) |
| ८ | ८ (३) | ६ (१) | ७ (२) |
| क्रमांकांची बेरीज | २२.५ | १५ | १०.५ |

येथे न = ८ व क = ३. तिन्ही बेरजा मिळून ४८ होतात, म्हणजे प्रत्येक स्तंभाची अपेक्षित बेरीज १६. फरक अनुक्रमे ६.५, −१ आणि −५.५, त्यांच्या वर्गांची बेरीज ४२.२५ + १ + ३०.२५ = ७३.५. सूत्रातील गुणक १२ ÷ (८ × ३ × ४) = ०.१२५. म्हणून चाचणीमूल्य ७३.५ × ०.१२५ = ९.१८७५.

तिसऱ्या व सहाव्या रुग्णाच्या ओळीत प्रत्येकी एक जोडी बरोबरीची आहे. प्रत्येक जोडीसाठी २ चा घन वजा २, म्हणजे ६. दोहोंचे मिळून १२. छेद ८ × (२७ − ३) = १९२. दुरुस्ती १ − १२ ÷ १९२ = ०.९३७५ आणि दुरुस्त चाचणीमूल्य ९.१८७५ ÷ ०.९३७५ = ९.८. दोन स्वातंत्र्यमात्रांसाठी काय-वर्गाचे सीमामूल्य ५ टक्के पातळीवर ५.९९१ व १ टक्का पातळीवर ९.२१० आहे. तिन्ही वेळच्या वेदनेत फरक नाही ही परिकल्पना दोन्ही पातळ्यांवर नाकारली जाते. पी-मूल्य सुमारे ०.००७ येते. बरोबरीची दुरुस्ती केली नसती तर ९.१८७५ हे मूल्य १ टक्का पातळीच्या किंचित अलीकडेच राहिले असते. पाच-सात पायऱ्यांच्या मतदर्शक श्रेणीत बरोबरी वारंवार होते, म्हणून तेथे ही दुरुस्ती वगळणे योग्य नाही.

=== हेच आकडे स्वतंत्र मानल्यास ===

विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आढळणारी एक चूक अशी की तीन स्तंभ म्हणजे तीन स्वतंत्र गट समजून क्रुस्कल–वॉलिस चाचणी लावली जाते. वरील आकड्यांवर तसे केले तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. त्या चाचणीत सर्व २४ मोजमापांना एकत्र क्रमांक दिले जातात. तीन स्तंभांच्या क्रमांकांच्या बेरजा १३१, ९७ व ७२ येतात आणि बरोबरीची दुरुस्ती करून चाचणीमूल्य सुमारे ४.४६ मिळते. ५.९९१ या सीमामूल्याच्या ते बरेच खाली आहे. पी-मूल्य सुमारे ०.११. निष्कर्ष असा निघाला असता की फरक सार्थ नाही.

आकडे तेच असताना निष्कर्ष उलटला, याचे कारण क्रमांक कोणात लावले यात आहे. सातव्या रुग्णाची उपचारापूर्वीची वेदना ३ आहे आणि आठव्याची ८ आठवड्यांनंतरची वेदना ७ आहे. सगळ्यांना एका रांगेत उभे केले की सातव्याचे उपचारापूर्वीचे मोजमाप आठव्याच्या उपचारानंतरच्या मोजमापाच्या बरेच खाली जाते आणि उपचाराचा फरक व्यक्तींच्या फरकात हरवतो. फ्रीडमन चाचणी प्रत्येक रुग्णाची तुलना फक्त त्याच्याशीच करते. उलट दिशेचा धोका वेगळा आहे: एकाच व्यक्तीची अनेक मोजमापे स्वतंत्र ओळी म्हणून मोजली तर नमुना फुगतो आणि नसलेले फरकही सार्थ दिसू लागतात.

== लहान नमुने ==

काय-वर्ग वितरण हे केवळ अंदाजाचे साधन आहे. ओळी थोड्या असतील तर क्रमांकांच्या सर्व शक्य मांडण्या मोजून अचूक पी-मूल्य काढता येते. तीन स्तंभांत प्रत्येक ओळीच्या ६ मांडण्या शक्य असतात. ८ ओळींच्या एकूण मांडण्या ६ चा आठवा घात, म्हणजे १६,७९,६१६ होतात (बरोबरी नसल्यास). फ्रीडमन यांनी आपल्या निबंधात लहान नमुन्यांसाठी कोष्टके दिली होती. आता हे काम संगणक क्षणात करतो.

अचूक गणना व अंदाज यांतील अंतर किती असते हे ३ ओळी व ३ स्तंभांच्या सारणीत दिसते. तिन्ही ओळींनी एकसारखेच क्रमांक दिले तर चाचणीमूल्य कमाल, म्हणजे ६ येते. काय-वर्ग वितरणानुसार पी-मूल्य सुमारे ०.०५० असते, तर अचूक मूल्य ६ ÷ २१६, म्हणजे सुमारे ०.०२८ आहे. ओळी दोनच असतील तर पूर्ण एकमत होऊनही अचूक पी-मूल्य ६ ÷ ३६, म्हणजे ०.१६७ पेक्षा खाली जाऊ शकत नाही. अशा नमुन्यात ही चाचणी घेण्यात अर्थ नाही.

रोनाल्ड इमान आणि जेम्स डेव्हनपोर्ट यांनी १९८० मध्ये दाखविले की काय-वर्गाचा अंदाज गरजेपेक्षा अधिक सावध असतो. त्यांनी सुचविलेल्या रूपात चाचणीमूल्याला (न − १) ने गुणून, न × (क − १) मधून चाचणीमूल्य वजा करून येणाऱ्या संख्येने भागतात आणि उत्तर एफ-वितरणाशी ताडून पाहतात. वरील उदाहरणात ७ × ९.८ ÷ (१६ − ९.८) = ११.०६ येते. २ व १४ स्वातंत्र्यमात्रांसाठी ५ टक्के पातळीचे सीमामूल्य ३.७४ आहे.

== जोडीनिहाय तुलना ==

चाचणी सार्थ ठरली म्हणजे स्तंभांपैकी निदान काही एकमेकांहून वेगळे आहेत एवढेच कळते. कोणते, ते कळत नाही. त्यासाठी पुढची तुलना करावी लागते. पीटर नेमेन्यी यांच्या १९६३ च्या प्रबंधातील पद्धत यासाठी प्रचलित आहे. तीत स्तंभांच्या सरासरी क्रमांकांतील फरक एका ठरावीक अंतरापेक्षा मोठा असेल तरच तो सार्थ मानतात. तीन स्तंभ व ५ टक्के पातळी असता हे अंतर २.३४३ गुणिले (क × (क + १) ÷ (६ × न)) चे वर्गमूळ असते. उदाहरणात वर्गमूळ ०.५ येते व अंतर सुमारे १.१७. सरासरी क्रमांक २.८१, १.८८ आणि १.३१ आहेत. उपचारापूर्वी व ८ आठवड्यांनी यांतील फरक १.५० असल्याने सार्थ आहे. पहिल्या ४ आठवड्यांतील ०.९४ आणि पुढच्या ४ आठवड्यांतील ०.५६ हे फरक सार्थ ठरत नाहीत.

या पद्धतीत एक विचित्र गोष्ट आहे. दोन स्तंभांच्या सरासरी क्रमांकांतील फरक सारणीत तिसरा, चौथा स्तंभ कोणता आहे यावरही अवलंबून असतो. म्हणजे दोन औषधांची तुलना, सोबत तिसरे कोणते औषध ठेवले यानुसार बदलू शकते. बेनाव्होली, कोरानी व मांगिली यांनी २०१६ मध्ये या दोषाकडे लक्ष वेधून जोडीनिहाय तुलनेसाठी चिन्हचाचणी किंवा विलकॉक्सन यांची चिन्हांकित क्रमचाचणी वापरण्याची शिफारस केली. तसे करताना अनेक तुलनांमुळे वाढणारा चुकीचा धोका बॉनफेरोनी किंवा होल्म यांच्या पद्धतीने आवरावा लागतो.

== परिणामाचे परिमाण ==

पी-मूल्य फरक आहे का हे सांगते, तो किती मोठा हे सांगत नाही. त्यासाठी केंडॉल यांचा एकमत-गुणांक देतात. चाचणीमूल्याला त्याच्या कमाल मूल्याने, म्हणजे न × (क − १) ने भागले की तो मिळतो. त्याचे मूल्य ० ते १ असते. १ म्हणजे सर्व ओळींचे पूर्ण एकमत. उदाहरणात तो ९.८ ÷ १६ = ०.६१ आहे. संशोधन-अहवालात चाचणीमूल्य, स्वातंत्र्यमात्रा, ओळींची संख्या व पी-मूल्य यांसोबत हा गुणांक आणि प्रत्येक स्तंभाचा मध्यक दिला तर वाचकाला निष्कर्ष स्वतः पारखता येतो.

== मर्यादा ==

क्रमांक देताना मोजमापांतील अंतराची माहिती नाहीशी होते. ९, ३, १ आणि ५, ४, ३ या दोन ओळींना एकच क्रमांक मिळतात, जरी पहिल्या रुग्णाला पडलेला उतार दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असला तरी. याच कारणाने एखादे टोकाचे मोजमाप चाचणी बिघडवू शकत नाही. तेव्हा ही उणीव आणि हा गुण एकत्रच स्वीकारावे लागतात.

माहिती गमावल्याची किंमत मोजता येते. मोजमापे खरोखरच प्रसामान्य असतील तर प्रचरण विश्लेषणाच्या तुलनेत या चाचणीची मोठ्या नमुन्यांतील सापेक्ष कार्यक्षमता ३ × क ÷ (पाय × (क + १)) इतकी असते, येथे पाय म्हणजे ३.१४१६. दोन स्तंभांसाठी ती ०.६४, तीनसाठी ०.७२, पाचसाठी ०.८० आणि दहासाठी ०.८७ येते. तीन स्तंभ असता ०.७२ याचा ढोबळ अर्थ असा की प्रचरण विश्लेषणाला ७२ व्यक्तींकडून जेवढे कळते तेवढे कळण्यासाठी फ्रीडमन चाचणीला १०० व्यक्ती लागतात. वितरणाच्या शेपट्या जाड असतील तर हे पारडे उलट फिरू शकते. तेव्हा मोजमापे सुरळीत असताना केवळ सुरक्षित वाटते म्हणून ही चाचणी निवडणे फायद्याचे नसते, विशेषतः स्तंभ थोडे असताना.

एका व्यक्तीचे एक जरी मोजमाप राहून गेले तरी मूळ चाचणीत ती संपूर्ण ओळ वगळावी लागते. दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासात जे रुग्ण मध्येच येणे थांबवतात ते बहुधा कसेही निवडलेले नसतात. बरे वाटलेले किंवा कंटाळलेले असतात. त्यांच्या ओळी वगळल्याने उरलेले चित्र एकांगी होऊ शकते आणि ते कोणत्याही सूत्राने दुरुस्त होत नाही.

कार्यकारणभावाविषयीही चाचणी मौन पाळते. वरील उदाहरणात वेदना कमी झाली हे दिसते; ती व्यायामाने कमी झाली हे सिद्ध होत नाही. माणसे दुखणे सर्वाधिक असताना वैद्याकडे जातात आणि त्यानंतर काही न करताही थोडा उतार पडण्याची शक्यता असते. उपचार न घेतलेल्या रुग्णांचा तुलनागट नसेल तर ही शंका कायम राहते. निरनिराळे उपचार एकाच व्यक्तीवर करून पाहायचे असतील तर त्यांचा क्रम प्रत्येक व्यक्तीसाठी यादृच्छिक ठेवणे आवश्यक असते, नाहीतर थकवा, सराव किंवा आधीच्या औषधाचा उरलेला परिणाम उपचाराच्या खात्यावर जमा होतो.

== संबंधित चाचण्या ==

दोनच स्तंभ असतील तर फ्रीडमन चाचणी चिन्हचाचणीशी एकरूप होते. तिला विलकॉक्सन यांच्या चिन्हांकित क्रमचाचणीचे विस्तारित रूप म्हणण्याची प्रथा आहे, पण ती दिशाभूल करणारी आहे. विलकॉक्सन यांची चाचणी फरकांच्या आकाराचाही विचार करते, फ्रीडमन यांची करीत नाही. विलकॉक्सन यांच्या चाचणीचे खरे विस्तारित रूप डेना क्वेड यांनी १९७९ मध्ये दिले. त्यात ज्या ओळीतील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मोजमापांत अंतर जास्त, त्या ओळीला अधिक वजन मिळते. स्तंभ थोडे असताना ती बहुधा अधिक समर्थ ठरते.

मोजमापे फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी असतील तर विल्यम कॉक्रन यांची १९५० ची क्यू-चाचणी वापरतात. बरोबरीची दुरुस्ती केलेली फ्रीडमन चाचणी अशा माहितीवर नेमके तेच उत्तर देते. स्तंभांचा अपेक्षित क्रम आधीच ठरलेला असेल, उदाहरणार्थ औषधाची मात्रा वाढत जाईल तशी वेदना कमी होईल अशी परिकल्पना असेल, तर एलिस पेज यांची १९६३ ची चाचणी अधिक समर्पक असते. प्रत्येक परीक्षकाला सर्व वस्तू चाखणे शक्य नसते तेव्हा संतुलित अपूर्ण खंडांची योजना करून जेम्स डर्बिन यांची १९५१ ची चाचणी लावतात. अनियमितपणे रिकाम्या राहिलेल्या चौकटींसाठी स्किलिंग्ज–मॅक चाचणी (१९८१) आहे.

== उपयोग ==

वैद्यक व परिचर्या क्षेत्रांत वेदना, थकवा, श्वासाचा त्रास यांच्या श्रेणींची कालानुसार तुलना करण्यासाठी, तर अन्नतंत्रज्ञानात चव, वास व पोत यांविषयी परीक्षकमंडळाने दिलेले क्रमांक पारखण्यासाठी ही चाचणी नेहमी वापरली जाते. यंत्र-अध्ययनात तिला नवे क्षेत्र मिळाले. यानेझ डेमशार यांनी २००६ मध्ये असे सुचविले की अनेक वर्गीकरण-पद्धतींची अनेक माहितीसंचांवर तुलना करताना फ्रीडमन चाचणी वापरावी. तेथे माहितीसंच म्हणजे ओळ आणि पद्धत म्हणजे स्तंभ. एखाद्या सोप्या माहितीसंचावर सगळ्याच पद्धती ९५ टक्क्यांच्या वर अचूक असतात, अवघड संचावर सगळ्याच ६० टक्क्यांवर अडतात; अशा आकड्यांची थेट सरासरी काढण्यात फारसा अर्थ नसतो, संचाच्या आत लावलेल्या क्रमांकांना मात्र असतो.

आर, एसपीएसएस आणि पायथनच्या सायपाय या संग्रहात ही चाचणी उपलब्ध आहे. सायपायमध्ये निदान तीन स्तंभ द्यावे लागतात. काही आज्ञावलींना प्रत्येक व्यक्तीची एक ओळ अशी रुंद सारणी लागते, तर काहींना प्रत्येक मोजमापाची एक ओळ अशी लांब सारणी. दुसऱ्या प्रकारात व्यक्तीचा ओळखक्रमांक देणारा रकाना स्वतंत्रपणे नमूद करावा लागतो, कारण कोणती मोजमापे एकाच व्यक्तीची आहेत हे आज्ञावलीला त्यावरूनच कळते.